बांधातलं दार

"हसुराम, ढोलाला हात लावशील तर बघ!"

आत्या एवढ्या जोरात ओरडल्या की माझ्या हातातल्या सुपातले तांदूळ अंगणभर झाले. हसुराम देवळाच्या पायऱ्यांवर एक पाय वर नि एक खाली असा तसाच थबकला. गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकतोय, आणि तोंड असं की कुणीतरी कानाखाली वाजवलीय.

"अगो काकी, खांड गेलीय! बामीकाकीच्या शेतावर. आज बांधावरची फेरी माझी होती, ह्या डोळ्यांनी बघून आलो. आणि ढोल वाजवू नको म्हणतेस?"

"सरपंच मी हाय का तू?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चांगुणाबाय. त्यांच्यापुढे बोलायची बेटावर कुणाची टाप नव्हती. पण त्या दिवशी हसुरामचं चुकत नव्हतं. आमचं कांदळजुवं म्हणजे खाडीच्या पोटातलं एवढंसं बेट. चहूकडून खारं पाणी आणि मधे सखल भातशेती. पाणी आत येऊ नये म्हणून कडेने मातीचा बांध, आमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीचा. तो कुठे फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. खांड गेली की देवळातला ढोल वाजवायचा, आणि ढोल वाजला की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन पळणार. जेवणारा ताटावरून उठतो. भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न बघणारे खांद्याला खांदा लावून चिखल टाकतात. माझ्या लग्नात ऐन अक्षता पडायच्या वेळी ढोल वाजला, तर आमचे हे मुंडावळ्यांसकट बांधावर पळाले, आणि मी अंतरपाटाच्या अलीकडे भटजींच्या तोंडाकडे बघत उभी. खांडीने दुसरी भरती बघायची नाही, मधल्या ओहोटीला ती बुजलीच पाहिजे, हा आमचा नियम. तो कधी कुणी मोडला नव्हता.

"आज पथक येतंय," आत्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दुपारच्या भरतीला. त्यांना बघू दे. ते गेले की वाजव, हवा तेवढा वाजव."

हसुरामने माझ्याकडे बघितलं. मी वाकून तांदूळ वेचायला लागले.

पथकाचं सांगायला हवं. समुद्र चढतोय हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. उधाणाचं पाणी पूर्वी बांधाच्या कमरेला लागायचं, ते आता गळ्याशी यायला लागलं होतं. सरकारने लहान बेटांसाठी मोठा निधी काढला होता. त्यातून दगडी बांध, वादळात आसऱ्याला पक्की इमारत, धड जेट्टी, सगळं होणार होतं. त्यासाठी आत्यांनी तालुक्याला इतके हेलपाटे घातले की तरीवाला त्यांच्याकडून तिकीट मागायचंच विसरला. पण पाहणीचं पथक दरवेळी यायचं, बांधावरून फिरायचं, शहाळी प्यायचं आणि जाताना म्हणायचं, बांध तर सुस्थितीत आहे. एक साहेब तर हसून म्हणाला, "बाई, आमच्या सरकारी बांधापेक्षा तुमचा धड आहे." झालं! निधी गेला शेजारच्या बेटाला, जिथल्या लोकांनी बांधावर कधी घमेलंभर माती टाकली नाही. आम्ही राबलो म्हणून आमच्या हातावर तुरी. त्या दिवशी आत्यांनी घरी येऊन भांडी अशी घासली की टोपाला पोचा पडला.

आणि हे पथक शेवटचं होतं. ह्या खेपेला नाही तर कधीच नाही, असं तालुक्याच्या साहेबाने स्पष्ट सांगितलं होतं. ह्या सगळ्यात मला वेगळं काढू नका. आदल्या वर्षीच्या वादळात माझ्या दीड वर्षाच्या लेकीला मी भाताच्या कणगीत उभी केली होती आणि वरून कवाड धरून रात्र काढली होती. पक्की इमारत मला आत्यांपेक्षा जास्त हवी होती.

"चल," आत्या म्हणाल्या. "बामीला विचारून येऊ. तिचं शेत, तिला विचारायला नको?"

बामीमावशी आणि आत्या एकाच होडीतून सासरी आलेल्या. दोघी नवऱ्या, दोघींना होडी लागली, दोघी एकमेकींच्या अंगावर ओकल्या, तिथून मैत्री. बामीमावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा खाडीत गेलेला. मागे राहिलं काय, तर बांधाला लागून एक घर, बांधाच्या पोटाशी एक शेत, आणि नवऱ्याने स्वतःच्या हाताने घडवलेलं फणसाच्या लाकडाचं दार. ते दार असं कुरकुरायचं की ती घरात शिरली हे अख्ख्या वाडीला कळायचं.

"बामे, एक मागायला आलेय," आत्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"माग की. दात सोडून काय पण माग, दोनच उरलेत."

"खांड गेलीय. तुझ्या शेतावर."

बामीमावशी हातातली भाकर टाकून उठलीच. "मग ढोल कुठे वाजला?"

आत्यांनी सगळं सांगितलं. एकच भरती आत येऊ द्यायची, पथकाला दाखवायची, मग सारं गाव घेऊन बुजवायची. शेत आता रिकामंच आहे, एका भरतीचं मीठ मिरगाच्या पावसात धुऊन जाईल. बामीमावशी ऐकता ऐकता दाराच्या कडीशी चाळा करत होती.

"तू सांगतेस ना? मग झालं," ती म्हणाली. आणि आम्ही वळलो तशी मागून हाक मारलीन, "चांगुणे, पण एकच हां. माझ्याकडे दुसरं शेत नाय."

"एकच. माझा शब्द."

दुपारी भरती आली. पथक आलं नाही. साहेबांची बैठक लांबली, उद्या सकाळी नक्की येतो, असा निरोप आला. देवळामागच्या टाकीवर चढलं की तेवढी फोनला रेंज यायची. आत्या त्या वयात शिडी चढून तो निरोप घेऊन आल्या होत्या. खाली बामीमावशीच्या शेतात पाणी खळाळत शिरत होतं. तिची पेंढ्याची उडवी तेवढी कोरडी दिसत होती.

ओहोटी लागली तसा हसुराम आला. "काकी, आता तरी?"

"उद्या सकाळी. एवढं झालंय, आता एवढ्यासाठी घालवू नको."

"आणि बामीकाकीला काय सांगू?"

"मी सांगते."

पण आत्या गेल्या नाहीत. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. मी म्हटलं, मी जाऊन येते. तर खेकसल्या, "तू कशाला? शब्द मी दिलाय." आणि मग कुणीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या आत्या फावडं घेऊन निघाल्या. पथकासाठी बांधावरची वाट जरा नीट करू म्हणाल्या. मी मागोमाग. खांडीपाशी आलो आणि दोघी उभ्याच राहिलो.

खांड बुजलेली होती. अख्खी उडवी तिथे आली होती. पेंढ्याचे भारे, त्यावर चिखल, पुन्हा पेंढा, पुन्हा चिखल, थापून थापून गुळगुळीत केलेला. आणि मधोमध, दोन बांबूंचा टेकू देऊन, चिखलात हातभर रुतवलेलं फणसाचं दार. कडीसुद्धा तशीच. मी वळून घराकडे बघितलं, तर दाराच्या जागी एक लुगडं लोंबत होतं. जाऊन आत डोकावले. बामीमावशी चटईवर निपचित झोपली होती. हातापायाचा चिखलही धुतला नव्हता. शब्द एका भरतीचा होता. रात्रीची दुसरी यायच्या आत तिने एकटीने, जसं जमेल तसं, आपलं शेत राखलं होतं.

मी परत आले तर आत्या खाडीपलीकडे बघत होत्या. पाणी चढायला लागलं होतं. पलीकडच्या धक्क्यावरून होडी सुटली होती. आतल्या लोकांची केशरी जॅकेटं इकडून दिसत होती.

"किती झकास बांधलंन गो," आत्या म्हणाल्या. "लिहितील. बांध सुस्थितीत म्हणून परत लिहितील."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. 'राहू दे आत्या' एवढे तीन शब्द पुरले असते. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि आज मला वाटतं, मी तेच बोलावं म्हणून बघत होत्या. मला कणगीतली माझी लेक आठवली.

"कुंदे," त्या म्हणाल्या, "त्या बाजूने धर."

मी धरलं. दार हलेना. आत्यांनी फावड्याने बुडाचा चिखल उकरला, मी बांबू काढून फेकला, आणि दोघींनी मिळून असा हिसका दिला की मी पाठीवर आपटले. दार आडवं झालं. मग पाण्याला काही सांगावं लागलं नाही. पेंढ्याचे भारे गरगरत आत गेले, कडेची माती ढेकळाढेकळाने ढासळायला लागली. बांधाला फावडं लावलं होतं आम्ही. आमच्याकडे भांडणात माणसं एकमेकांची डोकी फोडतील, पण बांधाला कुणी फावडं लावत नाही. आत्यांनी फावडं तिथेच टाकलं, पदराने तोंड पुसलं आणि आम्ही जेट्टीकडे पळत सुटलो.

पथकात दिल्लीच्या एक बाई होत्या. त्यांनी पाण्यात आडवं पडलेलं दार बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "इथल्या लोकांनी घराची दारंसुद्धा लावली?" त्यांनी सोबतच्या साहेबाकरवी विचारलं.

"व्हय," आत्या म्हणाल्या. "लावली."

आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी तसाच फोटो काढला, दार आणि मागे रडणारी सरपंच. तो फोटो पुढे अहवालावर आला, पेपरात आला, आणि आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. निधी त्या फोटोने आणला असं सगळे म्हणतात. खोटं नाही ते.

पथक गेलं, ढोल वाजला, गाव धावलं. पण उधाणाची भरती होती आणि तिने वेळ वाया घालवला नव्हता. खांड होती तिथे आता डोह झाला होता, त्यात बांबू टाकला तर बुडाला लागेना. माणसं काठावर उभी राहून चिखलाचे गोळे टाकत होती आणि ते गडप होत होते. बामीमावशीही आली होती, डोक्यावर घमेलं घेऊन.

"मी लावली होती रे," ती सगळ्यांना सांगत होती. "दारासकट लावली होती. भरतीने नेलंन."

आत्या तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी म्हाताऱ्या माणसांनी ठरवलं, डोह सोडून द्यायचा आणि मागून वळसा घालून नवा बांध घालायचा. वळसा म्हणजे बामीमावशीचं शेत बाहेर. पुढे निधी आला, दगड आले, आणि दगडी बांधही त्याच वळशावरून गेला. आत्या इंजिनिअरच्या मागे लागल्या, जुन्या ओळीने न्या म्हणून. तो म्हणाला, "आता रेषा बदलायची तर सगळं परत वर पाठवावं लागेल. आणि बाई, वर गेलेलं खाली येत नाही." अख्खं बेट बांधाच्या आत राहिलं. एक शेत तेवढं खाडीला गेलं.

पण पथक येऊन गेलं त्या दिवसाचं एक राहिलंच. संध्याकाळी बांधावरून घरी आलो तर आमचं फावडं ओटीच्या भिंतीला टेकून उभं. मामंजींनी दांड्यावर डागलेली खूण होती, तेव्हा आमचंच. धुतलेलं. चिखलाचा ठिपकासुद्धा नाही. आत्यांनी दांड्यावरून हात फिरवला.

"कोणी गो आणलं?"

"मला काय ठाऊक?"

कुणीतरी बघितलं होतं, एवढं नक्की. आत्यांचा संशय हसुरामवर. मग काय, पाणी कमिटीवर हसुराम, जेट्टीच्या कामावर हसुराम, सणाला पहिलं ताट हसुरामला. तो बिचारा मला एकदा कोपऱ्यात गाठून विचारता झाला, "वैनी, काकी हल्ली माझ्यावर एवढी प्रसन्न का? तिला काय स्वप्न बिप्न पडलं काय माझं?" हसावं का रडावं मला कळेना.

बामीमावशीला मात्र काही ठाऊक नाही, ह्याबद्दल आत्यांची खात्री होती. कारण ती जशीच्या तशी होती. रोज यायची, पानाचा डबा ओढायची, चेष्टा करायची. आत्यांनी तिला सागवानी दार करून दिलं, तर म्हणाली, "दार ब्येस हाय, पण बोलत नाय. जुनं कसं कुरकुरायचं, घरात माणूस असल्यासारखं वाटायचं." आत्यांनी आपलं अर्धं शेत तिच्या नावावर करू म्हटलं, ते तिने उडवून लावलं. अर्ध्या शेताचं भात तेवढं घेतलं, आणि फेड म्हणून चिंबोऱ्या आणायला लागली. तिचं शेत आता खाडीचं झालं होतं, कांदळाची झाडं वाढली होती, चिखलात चिंबोऱ्या माजल्या होत्या. टोपली पुढे करून हसत म्हणायची, "घे चांगुणे, माझ्या शेतातलं पीक."

आत्यांना चिंबोरी म्हणजे जीव की प्राण. नांग्या फोडताना त्यांना आजूबाजूचं भान नसायचं. त्या दिवसापासून त्यांनी चिंबोरी तोंडात घातली नाही. पोट साथ देत नाही म्हणायच्या. दगडी बांधावर नारळ फोडायचा मान त्यांचा, पण त्या त्यावर कधी पाय ठेवायच्या नाहीत. जेट्टीवर जायचं तर खालून, चिखलातून, साडी वर खोचून जायच्या. लोक म्हणायचे, बघा, एवढं केलंन पण मिरवत नाय. ते ऐकून आत्या घरी येऊन आडव्या व्हायच्या, आणि मी त्यांच्याकडे न बघता भाकऱ्या थापायची. आम्ही दोघी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. माझी मला लाज वाटायची आणि त्यांचा राग यायचा, आणि रागापेक्षा लाज सोसणं कठीण.

आत्या अंथरुणाला खिळल्या त्या पावसाळ्यात बामीमावशी रोज पाय चेपायला यायची. एकदा बाहेर वारा घोंघावत होता, आम्ही सगळे पक्क्या इमारतीत जायचं का नाही ह्याचा विचार करत होतो, आणि आत्या अचानक म्हणाल्या, "बामे, ती खांड मी उघडली. फावड्याने."

बामीमावशी पाय चेपत होती, चेपतच राहिली.

"ठाऊक हाय."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. मग फावडं कोणी धुतलंन? हसुरामने? त्याला स्वतःचे पाय धुवायला बायको सांगते."

आत्या हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

"मग बोलली का नाहीस गो? एवढी वर्षं?"

"मी कशाला बोलू?" बामीमावशी म्हणाली. "खांडीपाशी पडलेलं तुझं फावडं कोणी बघितलं असतं तर गावाने तुला उभी ठेवली नसती, म्हणून उचललं नि धुतलं. दारात आणून ठेवलं तेव्हा वाटलं, रातच्याला येशील. मग वाटलं, शिमग्याला येशील. मग म्हटलं, येईल तेव्हा येईल. जाते कुठे?"

आत्यांनी तिचा हात घट्ट धरला. मग बामीमावशी पायावरून पांघरूण सारखं करत म्हणाली, "मी ते दार आतल्या पाण्यावरून तरंगवत नेलं होतं, तेवढं जमलं. पण चिखलात रुतलेलं फणसाचं दार एकटीच्याने उपटत नाय, चांगुणे."

हे म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. पांघरुणाचं टोक दुमडत राहिली. मग म्हणाली, "कुंदे, च्या ठेव जरा."

मी आत गेले. चहा उकळून वर आला, उतू गेला, तरी मी उभीच. ठरवलं, आता बाहेर जायचं आणि सांगायचं, दुसऱ्या बाजूने मी धरलं होतं. कप घेऊन बाहेर आले. आत्यांचा डोळा लागला होता. किती वर्षांनी त्यांचा चेहरा सैल दिसत होता. बामीमावशीने घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.

मी साखर आणायला वळले.

आत्या त्याच पावसाळ्यात गेल्या. बामीमावशी अजून आहे. वाकलीय, दात एकही उरला नाही, पण उधाण सोडलं तर रोज खाडीत उतरते. माझी लेक आता तालुक्याला नोकरीला जाते, त्याच दगडी बांधावरून, मोबाईलवर बोलत. बामीमावशी ओटीच्या पायरीवर येऊन बसते, टोपली पुढे करते. "घे गो, माझ्या शेतातलं पीक." मी घेते. चहा देते, साखर जास्त घालून. कप रिकामा झाला तरी ती लगेच उठत नाही. खाडीकडे बघत बसते. मी पावसाचं बोलते, मासळीच्या भावाचं बोलते, हसुरामच्या गुडघ्यांचं बोलते, जे सुचेल ते बोलते.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठते. "येते गो," म्हणते.

"ये मावशी," म्हणते मी. "उद्या ये."